पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी राखीव

आमच्या संगीत मंडळाचे कार्यवाह अकरा वर्षांत एकदाही मैफलीत बसले नाहीत. ते दारात बसायचे. चिऱ्याच्या पायऱ्या चढून वर आलं की डाव्या हाताला चपलांची रांग, रांगेच्या टोकाला लोखंडी स्टूल आणि स्टुलावर मास्तर. मांडीवर लांबट वही, कानावर पेन्सिल, गळ्यात मे महिन्यातसुद्धा मफलर. आत कुणीही गात असलं तरी मास्तरांचं तोंड रस्त्याकडे.

मैफल चालू असताना कुणी उठून बाहेर आलं तर मास्तर त्याला थांबवायचे नाहीत. त्याची चप्पल शोधून पायाशी सरकवायचे आणि विचारायचे, "कुठं उतरलात?"

माणूस चपापायचा. मग मास्तर समजावायचे, "लाजू नका हो. गाडी तशी चांगली हाय. पण तुमी मधेच उतरलात. कशापायी, तेवढांच सांगा."

माणसं सांगायची. पायाला मुंग्या आल्या. म्हैस धारेला उभी असेल. गातायत बरं, पण एकच ओळ किती वेळा म्हणणार? एका बागवाल्यानं सांगितलं होतं, "सगळे डोळे मिटून बसलेले. मला वाटलां, कोण गेलां काय." मास्तर हे सगळं जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचे. समोर राग, ताल आणि नेमका कुठल्या वळणावर माणूस उठला ते.

मास्तर म्हणजे गाण्याचे मास्तर नव्हेत. आमच्याकडे लाल गाडीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. तेहतीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. बाहेरगावचे कलाकार मात्र "हे आमचे मास्तर" एवढंच ऐकून वाकून नमस्कार करायचे. मास्तर तो नमस्कार शांतपणे घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, खरं सांगा की त्यांना." ते म्हणाले, "सांगण्यात पाच मिंटां जातात सर. गाडी लेट होते."

मला ते सर म्हणायचे, कारण मी हायस्कूलात मराठी शिकवत होतो आणि मंडळात निवेदन करत होतो. निवेदनाबद्दल मला फार अभिमान होता. स्वरांची उधळण, सुरांचं चांदणं, रसिकांच्या मनाचा गाभारा, असं सगळं माझ्याकडे तयार असायचं. मास्तर कार्यवाह झाले त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी समितीपुढे वहीतलं वाचून दाखवलं. लोक कशामुळे उठले, त्यात पहिला नंबर निवेदनाचा होता. दुसरा डासांचा.

"निवेदन बंद करा असां मी नाय म्हणत," मास्तर म्हणाले. "पण गाडी सुटायच्या आधी कंडक्टर भाषण करीत नाय. कुठं जाणार तां सांगतो आनि बेल मारतो."

त्यानंतर माझं निवेदन दोन वाक्यांवर आलं. पहिल्यात गायकाचं नाव, दुसऱ्यात रागाचं. मी आठ दिवस मास्तरांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मास्तर मंडळात कसे आले, ते सांगायला हवं. त्या आधी मंडळाची अवस्था अशी होती की श्रोते चाळीस, आणि तेच ते. दरवर्षी त्यातल्या एकदोन खुर्च्या कायमच्या रिकाम्या व्हायच्या आणि आम्ही दोन मिनिटं उभे राहायचो. श्रोते वाढवण्याचा आमच्याकडे याखेरीज कुठलाही कार्यक्रम नव्हता. अशात एके दिवशी समितीच्या बैठकीत हा मफलरवाला माणूस आला आणि चपला सांभाळायचं काम मागू लागला. आमचे अध्यक्ष डॉक्टर होते. ते म्हणाले, अहो, आमच्याकडे चपला चोरीला जात नाहीत. मास्तर म्हणाले, "चपला नाय जात. माणसां जातात. ती कशापायी जातात तां मला बघायचां हाय."

डॉक्टरांना वाटलं, गरीब माणूस आहे, बसेना का. दोन वर्षांनी कार्यवाहपद कुणालाच नको होतं, तेव्हा ते मास्तरांकडे गेलं. स्टूल त्यांनी सोडलं नाही.

त्यांना माणसं का मोजायची होती, हे पायरीवर बसून चहा पिताना त्यांनीच मला एकदा सांगितलं. गोष्ट त्यांच्या ड्रायव्हरची होती. त्याला सगळे भाई म्हणत. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला माणूस. वीस वर्षं दोघं एकाच गाडीवर. गाडी कऱ्हाडहून निघायची, घाट उतरून पोफळीला मुक्काम करायची आणि सकाळी पुढे गुहागरला जायची. पोफळीला वीजकेंद्राच्या वसाहतीत एका इंजिनिअरची बायको दिवेलागणीला तानपुरा घेऊन बसायची. भाई गाडी लावून पायरीवर बसायचा आणि ऐकायचा. रागांची नावं त्याला माहीत नव्हती. त्यानं आपली नावं ठेवली होती. एक होता चिपळूणच्या नाक्याचा, एक गुहागरच्या सुपारीच्या बागांचा, आणि सगळ्यांत आवडता, पोफळीच्या उताराचा. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसून तो ते सगळं गुणगुणायचा. मास्तर सांगत, घाटात ज्या माणसांना गाडी लागते ती माणसं भाईच्या गाडीत शांत झोपायची.

दोघं एकाच महिन्यात रिटायर झाले. संध्याकाळ मोकळी मिळाली, तशी दोघं इस्त्रीचे कपडे घालून आमच्या मैफलीला आले. आयुष्यातली पहिली. भाई मागच्या रांगेत बसला. गाणं रंगलं. एके ठिकाणी भाईनं मोठ्यानं "वा!" म्हटलं. भलत्याच जागी असावं, कारण पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मागं वळून त्याच्याकडे बघितलं. चार मिनिटांनी भाई उठला. मास्तर त्याच्या मागोमाग बाहेर गेले. "काय रे, काय झालां?" भाई म्हणाला, "काय नाय. माझा स्टॉप आला." त्यानंतर तो कधी आला नाही. घरी गुणगुणणंही त्यानं सोडलं.

"एकदा तरी भाईला शेवटच्या स्टॉपापर्यंत न्यायचा हाय," मास्तर म्हणाले. "तेवढ्यासाठी ही गाडी नीट करतो. बाकीचे बसले तर बसू देत."

मला भाईबद्दल फार वाईट वाटलं. मी त्या वळून बघणाऱ्या माणसाबद्दल दोनचार कडक शब्दही बोललो. असेच लोक अभिजात संगीताचं नुकसान करतात, वगैरे. मास्तर चहा पीत राहिले.

तर गाडी नीट करण्याचं काम असं चाललं.

पहिलं म्हणजे वेळ. आमच्या मैफली रात्री साडेनऊला सुरू व्हायच्या, कारण त्या पूर्वीपासून साडेनऊला सुरू व्हायच्या. खेड्यांकडे जाणारी शेवटची गाडी सात पस्तीसला. मास्तरांनी मैफल दुपारी चारला आणली. डॉक्टरांनी विचारलं, "आणि यमन?" मास्तर म्हणाले, "यमन सव्वासहाला लावू. त्याच्या आधी भीमपलास सोडू, मग मुलतानी. रांगेत उभे हायत सगळे." त्यांनी खरोखरच वेळापत्रक केलं. मंचाशेजारी काळ्या फळ्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: यमन, मार्गे विलंबित, मध्यलय, द्रुत. शेवटचा थांबा भैरवी. सात वाजता म्हणजे सात वाजता. एका पुणेकर गायकानं सात वाजून दहा मिनिटांनी भैरवीत नवीन अंतरा काढला, तर मास्तरांनी बाहेरून दाराची कडी वाजवली.

वर्षाचं वेळापत्रकही त्यांनी बदललं. आंब्याच्या दिवसांत मैफल नाही. होड्या वर ओढल्या की कोळीवाडे मोकळे, तेव्हा लागोपाठ दोन. त्यामुळे असं झालं, की मासे विकून झालेल्या दोन बाया एका दुपारी रिकामी पाटी घेऊन आत येऊन बसल्या. डॉक्टरांच्या सौभाग्यवती उठून बाहेर आल्या. मास्तरांनी चप्पल सरकवली. "कुठं उतरलात?" त्या म्हणाल्या, "वास येतो." मास्तरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या गाडीत पन येतो बाई. खिडकीकडची जागा देऊ काय?"

दुसरी सुधारणा खुर्च्यांची. पुढच्या दोन रांगा जाणकारांच्या. त्यावर नाव नसायचं, पण कुणी बसायचं नाही. मास्तरांनी पत्र्याचा साचा करून आणला आणि पहिल्या रांगेच्या पाठींवर रंगानं छापलं: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी राखीव. आम्ही सगळे चौथ्या रांगेत गेलो. मी विचारलं, नवख्या माणसाला पुढं बसून काय कळणार? मास्तर म्हणाले, "ज्याला गाडी लागते त्याला पुढंच बसवतात सर. मागं जास्त हादरे बसतात."

एकच ओळ पुन्हा पुन्हा का, या प्रश्नावर मी दहा मिनिटांचं व्याख्यान तयार केलं होतं. मास्तर दारातल्या दारात उत्तर देऊन मोकळे व्हायचे. "गुहागरची गाडी रोज त्याच रस्त्यानं जाते. पन रोज तीच माणसां, तोच पाऊस, तेच खड्डे असतात काय? तां बघायला बसायचां." यावर बरीच माणसं चप्पल काढून परत आत गेली. माझ्या व्याख्यानाचे कागद अजून घरी आहेत.

सगळ्याच सुधारणा लागू पडल्या असं नाही. दोरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

वहीवरून मास्तरांच्या लक्षात आलं, की खरी अडचण उठणाऱ्यांची नाही. न उठणाऱ्यांची आहे. माणसं लाजेनं बसून राहतात आणि पुन्हा येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे अधिकृत थांबा. विलंबित संपलं की एक बेल, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरावं, मग दोन बेल आणि गाडी पुढे. भंगारातून त्यांनी जुन्या गाडीची घंटा आणली, जिची दोरी कंडक्टर ओढतो ती, आणि सभागृहाच्या भिंतीवरून दोरी थेट दारातल्या स्टुलापर्यंत नेली. गायकाला ही पद्धत आधी समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. गायक मोठे होते, पुण्याचे होते आणि त्यांनी चहात साखर जास्त झाली म्हणून कप परत पाठवला होता. मी सांगितलं नाही. म्हटलं, बघू.

विलंबित संपत आलं. पंडितजींनी डोळे मिटून एक लांब स्वर लावला. दाराकडून एक बेल वाजली. टण्.

आणि अर्धं सभागृह उठून उभं राहिलं. माणसं खेड्यांतली, जन्मभर लाल गाडीनं प्रवास केलेली. एक बेल ऐकली की यांचे पाय आपोआप सरळ होतात. बायकांनी पिशव्या उचलल्या. एका आजोबांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली, गाडी थांबताना धरतात तशी. पंडितजींनी डोळे उघडले तर समोर दीडशे माणसं उभी. त्यांना वाटलं, मानवंदना. त्यांनी हात जोडले. आपल्या पन्नास वर्षांच्या गाण्यात असं कधी झालं नाही, असं ते गहिवरून म्हणाले. तेवढ्यात दोन बेल वाजल्या, टण् टण्, आणि सगळे एकदम खाली बसले.

पंडितजी त्यानंतर असे गायले की मी पुन्हा तसं ऐकलं नाही. दोरी मात्र समितीनं एकमतानं काढली. घंटा मास्तर घरी घेऊन गेले.

मास्तर गेल्याला आता दोन वर्षं झाली. मला त्यांची रोज आठवण येते असं म्हणणार नाही, पण मैफलीच्या दिवशी दुपारी तीन वाजता येते आणि मग सात वाजेपर्यंत जात नाही. मला तो माणूस फार आवडत होता. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी कारण विचारून वहीत लिहिलं असतं.

वही माझ्या हातात पहिल्यांदा आली ती त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनमुळे. मैफल तोंडावर, मास्तर दवाखान्यात. त्यांनी मला बोलावून वही आणि पेन्सिल दिली. "स्टूल सोडू नका," एवढंच सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गाण्याकडे पाठ करून बसलो. त्या दिवशी बराच वेळ कुणी उठलंच नाही. समोर चपलांचा ढीग. रबरी, चामड्याच्या, एक जोड शेणानं भरलेला, दोन शाळेतले बूट. आमच्या जुन्या चाळिसांच्या कोल्हापुरी वहाणा त्यात शोधाव्या लागत होत्या. मला बरं वाटलं. मग करमेना म्हणून वही मागं मागं चाळत गेलो आणि पहिल्या पानावर आलो.

पहिल्या पानावर एकच नोंद होती. नाव: भाई. कुठं उतरला: "वा" म्हटल्यावर चार मिनिटांनी. कारण: पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. त्याखाली, पोलिसात वर्दी द्यावी तसं त्या माणसाचं वर्णन. सोनेरी काडीचा चष्मा. खादीचा झब्बा. बोटांवर शाईचा डाग. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं बोलला तोच.

मी चष्मा काढून पुसला. काडी सोनेरीच होती.

मला ती रात्र आठवत नव्हती, हे सगळ्यांत वाईट. इतक्या वेळा मी इतक्या माणसांकडे असं वळून बघितलं होतं, की त्यातला एक भाई होता हे कळायला मला वही लागली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मास्तर उताणे पडून छताकडे बघत होते. वही त्यांच्या उशाशी ठेवली आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं?"

"होय तर."

"मग माझ्याबरोबर चहा कसा प्यायलात?"

मास्तरांनी जरा विचार केला. "चुकीच्या गाडीत बसलेला माणूस असतो ना सर, त्याला घाटात उतरवीत नायत. बसू देतात. बरोबर जागा आली की सांगतात."

मग तेच पुढे म्हणाले, "भाईचा मुलगा दुबईत हाय. तो जानेवारी सरता बापाला नेतोय. आता परत कशाला येतोय तो. म्हंजे जानेवारीची मैफल शेवटची. मी सांगून थकलो. म्हणतो, नको रे." मग डोळे मिटून घेतले. "तुमी जाऊन बघा."

मी होडीनं खाडी ओलांडून मोहल्ल्यात गेलो. भाई ओट्यावर बसून सुकट निवडत होता. उंच, हडकुळा, डोक्यावर जाळीची टोपी, बोटं लांबलचक. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी तुमच्याकडे वळून बघणारा मी. माफी मागायला आलोय."

भाईनं मला नीट न्याहाळलं. "बघितलात तां खरां," तो म्हणाला. "पन मी तुमच्यामुळं नाय उठलो. बसा."

मी बसलो. त्यानं आतून चहा मागवला.

"गाडीत माझ्या डोक्यावर पाटी असायची. चालकाशी बोलू नये. वाचली असाल तुमी. तीस वर्षं मी त्या पाटीखाली बसलो. घाटात कोण बोलला की माझां डोकां फिरायचां. एकदा एक जण असाच बोलला, माझां ध्यान गेलां आनि गाडी कठड्याला लागली. वाचलो सगळे. आनि त्या दिवशी तो गवई असा ऐन वळणावर, आनि मधे बोललो कोण? मी. डायवर असून. तुमी बघितलात तां बरोबरच बघितलात. मला लाज वाटली. म्हटलां, आपन उतरावां."

अकरा वर्षं मास्तरांनी वेळ बदलली, खुर्च्या बदलल्या, माझं निवेदन कापलं, दोरी बांधली. आणि हा माणूस एका पाटीमुळे घरी बसला होता.

"भाई," मी म्हटलं, "गाण्यात ती पाटी नसते. तिथं चालकाशी बोलायचं असतं. कुणी बोललंच नाही तर त्याला वाटतं, गाडी रिकामी चाललीय."

"पन मी चूक जागी बोललो ना?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. त्याची गरज पडली नाही, कारण बोलता बोलता ती रात्र मला आठवली. मारव्याची वेळ कधीच टळली होती, तरी गवयानं मारवाच घेतला होता. तो कोमल रिषभावर येऊन थांबला होता, षड्जाकडे न जाता नुसता थांबला होता, आणि माझ्या ओठांपर्यंत "वा" आलं होतं. पण सम यायला अजून सहा मात्रा होत्या आणि मी जाणकार होतो. दाद समेवर द्यायची असते. मी थांबलो. मागून कुणी तरी थांबलं नाही, म्हणून मला राग आला.

"जागा बरोबर होती," मी सांगितलं. "मलाही तिथंच म्हणायचं होतं. माझी हिंमत झाली नाही."

भाई सुकट निवडत राहिला. चहा आला, संपला. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "चारची गाडी ना?"

जानेवारीत गायला एक बाई आल्या. मोठ्या गायिका, पण वेळापत्रकाला हरकत घेतली नाही, उलट फळा वाचून हसल्या. मास्तर टाके सांभाळत स्टुलावर हजर होते. मोहोर धरलेला, फवारणीचे दिवस, त्यामुळे बागवाले कमी, पण बाकी सभागृह भरलं होतं. चारला पाच कमी असताना भाई आला, इस्त्रीच्या शर्टात. मी त्याला पहिल्या रांगेकडे नेऊ लागलो, तर मास्तर दारातून ओरडले, "सर, ती जागा नाय त्याची. तो दुसऱ्यांदा आलाय!" नियम म्हणजे नियम. आम्ही दोघं चौथ्या रांगेत बसलो.

मुलतानी झाला. भाईचे ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, स्टिअरिंगवर दहा आणि दोनच्या जागी असावेत तसे. सव्वासहाला बाईंनी मारवा सुरू केला. भाई माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू म्हणाला, "पोफळीचा उतार."

बाई रिषभावर आल्या आणि थांबल्या. भाईनं श्वास आत घेतला. मी बघितलं, त्यानं तो तसाच धरून ठेवला. सम लांब होती. त्याची बोटं गुडघ्यांत रुतली होती आणि तो समोर न बघता माझ्याकडे बघत होता.

"वा!" मी ओरडलो.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पुढच्या तीन रांगांतल्या माना वळल्या. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. असं बघितलं की कसं वाटतं, ते मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. आणि तेवढ्यात शेजारून भाईचा श्वास सुटला, "वा!" आणि मग आणखी एकदा. मंचावर बाईंनी मान लववली, हसल्या आणि समेला न जाता तीच जागा पुन्हा घेतली. पहिल्या रांगेतल्या नवख्या माणसांना वाटलं, अशीच पद्धत असते. ती सगळी वा म्हणाली.

भैरवी सातला संपली. माणसं चपला घालून शेवटच्या गाडीसाठी पांगली. भाई बाहेर आला. मास्तर स्टुलावरून उठले नाहीत. वही उघडून म्हणाले, "कुठं उतरलास?"

"शेवटच्या स्टॉपला," भाई म्हणाला.

मास्तरांनी ते लिहिलं. लिहायला त्यांना जरा वेळ लागला.

"तू ऐकलास काय?" भाईनं विचारलं.

"मी दारात होतो."

"आनि त्या पहिल्या दिवशी?"

"त्या दिवशी मी तुझ्याकडं बघत होतो. गाण्याकडं ध्यान कुठं होतां?"

"म्हंजे तू अजून एकदापन नाय ऐकलास," भाई म्हणाला. त्यानं मास्तरांचं मनगट धरलं आणि त्यांना उठवून रिकाम्या सभागृहात नेलं. पहिल्या रांगेत, जिथं पाठीवर मास्तरांनी स्वतः रंगानं छापलं होतं, तिथं बसवलं. मास्तर म्हणाले, "अरे, सात पस्तीसची गाडी..." भाई म्हणाला, "डायवर हितं हाय. गाडी जाते कुठं?"

आणि तो मंचाच्या पायरीवर बसून गुणगुणायला लागला. पोफळीचा उतार. सूर मधेच हलत होता, श्वास पुरत नव्हता, अकरा वर्षं गळा बंद होता. मास्तर मफलर मांडीवर घेऊन बसले होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. आधी ती ताठ होती. थोड्या वेळानं खुर्चीला टेकली.

दारात कुणी नव्हतं, म्हणून मी स्टुलावर जाऊन बसलो. सात पस्तीसची गाडी डेपोतून बाहेर पडल्याचा आवाज आला. मास्तरांनी मान वळवली नाही. मी वही उघडली आणि भाईच्या नावाखाली लिहिलं: मास्तर. पहिल्यांदा. उतरले नाहीत.